तापीकाठी बोट घ्यायची तर

जानेवारीत आमच्याकडे भरिताशिवाय दुसरा विषय निघत नाही. रावेर तालुक्यात, हतनूरच्या फुगवट्याला लागून, माझ्या मावसभावाची केळी आहे. गेल्या थंडीत तिथे कपाशीच्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजली जात होती. पुऱ्या तळून व्हायच्या होत्या आणि पोरं पाण्याच्या कडेला दगड मारत बसली होती. मावसभावाने मोबाइल पुढे केला. पडद्यावर पांढरीशुभ्र, टोकदार नाळेची, पुढे गाद्या आणि मागे ११५ हॉर्सपॉवरचं इंजिन असलेली बोट. "घ्यायची म्हणतो," तो म्हणाला. मावशीने चष्मा वर सरकवून फोटो नीट पाहिला आणि विचारलं, "हिच्यात केळीचे घड किती मावतील?"

सगळे हसले. नंतरचे तीन-चार महिने मात्र मी त्या प्रश्नामागे लागलो. वाचलं, कोकणातल्या तांडेलांशी बोललो, दोन जलाशयांवर भाड्याच्या बोटींत बसलो, आणि मावशीचाच प्रश्न खरा असल्याचं लक्षात आलं. बोट दिसते कशी हे गौण. तिच्यात काय मावेल, ती कुठल्या पाण्यात चालेल आणि दिवस मावळताना ती पाण्याबाहेर कोण काढेल, यावर सगळं ठरतं. पहिली बोट घेणाऱ्याला दुकानात नेमके हेच तीन प्रश्न कुणी विचारत नाही.

खानदेशात बोट ही कल्पना कोणाला चेष्टेची वाटेल. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसला टेकतो आणि निम्म्या गावांचं पाणी टँकरवर येतं, तिथे मोटरबोट कसली! पण कागद काढून बघा. २०१६च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्याने देशातले १११ जलमार्ग जाहीर केले, त्यांतला शंभराव्या क्रमांकाचा जलमार्ग म्हणजे आपली तापी. हतनूर धरणापासून खंबातच्या आखातापर्यंत ४३६ किलोमीटर. कागदावर जळगावकराने सकाळी शेळगावजवळ बोट सोडावी आणि दोन-तीन मुक्कामांत सुरत गाठावी. प्रत्यक्षात वाटेत शेळगाव, सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा असे एकामागून एक बॅरेज आहेत आणि पुढे उकाई. मधे उन्हाळ्यात गुडघाभर पाणी आणि वाळू. तापी ही सलग नदी म्हणून बोटीच्या कामाची नाही. ती अडवलेल्या पाण्यांची माळ आहे, आणि आपल्याला निवडायचा तो त्यातला एक मणी.

दुसरीकडे याच भूमीत बोट ही चैन नसून रस्ता आहे. नंदुरबार १ जुलै १९९८ला धुळ्यापासून वेगळा झाला. त्याआधी अक्कलकुवा-धडगावची नर्मदाकाठची गावं धुळे जिल्ह्यातच मोडायची. सरदार सरोवराचं पाणी चढल्यावर तिथल्या पाड्यांना किराणा, बाळंतीण, शिक्षक, सगळं पाण्यावरूनच न्यावं लागलं. तिथे तरंगता दवाखाना आहे. मणिबेली हे राज्याच्या यादीतलं पहिल्या क्रमांकाचं मतदान केंद्र, तिथे मतदान यंत्रंही बोटीने जातात. आणि तिथेच जानेवारी २०१९ मध्ये, संक्रांतीच्या सणाला, भुषा पॉइंटजवळ माणसांनी खच्चून भरलेली बोट उलटली आणि माणसं दगावली. आपल्या भागात बोटीचं शास्त्र शिकायला कॅलिफोर्नियापर्यंत जायची गरज नाही.

तर आधी पाणी.

मेहरूण तलाव जळगावकरांचा फिरायला जायचा, धुळ्याचे नकाणे आणि डेडरगाव पिण्याच्या पाण्याचे. तिथे खासगी पेट्रोल इंजिनाचा विचारच करू नये. वाघूर धरण जळगावला जवळ, पण तेच शहराला पाणी पाजतं. गिरणा धरण नाशिक जिल्ह्यात असलं तरी त्याचा जीव चाळीसगाव-भडगाव-पाचोऱ्यात गुंतलेला. पाण्याचा पसारा मोठा, पण ते दर वर्षी भरेलच असं नाही. पावसाळा हुकला की मार्चमध्ये काठ इतका लांब जातो की कालची उतरायची जागा आज शेत झालेली असते. साक्री तालुक्यातलं अक्कलपाडा त्या मानाने लहान.

राहतं हतनूर. तापी आणि पूर्णा जिथे भेटतात त्या चांगदेवच्या खालच्या अंगाला हे धरण, ४१ दरवाज्यांचं. पूर्णेने वऱ्हाडातून आणलेली काळी माती याच्या पोटात वर्षानुवर्षं साचते आहे. पाणी दिसायला कोसभर पसरलेलं, पण खाली गाळ. वल्हं टोचलं तर ते पायरीला लागल्यासारखं थांबत नाही, लोण्यात सुरी जावी तसं आत जातं, आणि वर येताना दोन माणसांची ताकद मागतं. अशा पाण्यात दोन-अडीच फूट खोल पाय सोडून बसणारं मोठं इंजिन घातलं की काय होतं? इंजिन थंड ठेवायला खालून पाणी ओढलं जातं आणि मागच्या बाजूने बारीक धारेने बाहेर पडतं. कोकणात इंजिन सुरू झाल्याबरोबर पोरगासुद्धा मागे वाकून बघतो, "धार पडते का?" गाळाच्या पाण्यात आधी ती धार बारीक होते, मग थेंब-थेंब, आणि लक्ष नसेल तर इंजिन तापून बसतं. आम्ही भाड्याने घेतलेल्या बोटीचं हेच झालं. बोटवाल्याने शांतपणे सायकलच्या चाकाची तार काढली, भोकातून काळं लोणी उपसलं आणि म्हणाला, "दर फेरीला करावं लागतं." ११५ हॉर्सपॉवरचं स्वप्न मावसभावाच्या चेहऱ्यावरून तिथेच थोडं उतरलं.

गाळाखेरीज पाण्याखाली आणखीही काय काय असतं. जलाशय म्हणजे बुडालेली शेतं. जुन्या विहिरींचे कठडे, बाभळीची खोडं, बांधांचे दगड पाणी भरलेलं असताना दिसत नाहीत आणि फेब्रुवारीनंतर हातभर खाली येऊन बसतात. काठाने शेतकऱ्यांच्या मोटारी, त्यांचे पाइप आणि विजेच्या केबली. आणि तंगूसची जाळी. जलाशयातला मासेमारीचा हक्क बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो. त्यांचं जाळं आपल्या पंख्यात अडकलं तर पंखा आपला जातो, पण रोजी त्यांची जाते. पहिल्यांदा बोट घेणाऱ्याने पहिला चहा प्यावा तो संस्थेच्या माणसांबरोबर. जाळी कुठे, डोह कुठे, वारा कुठून येतो, हे त्यांच्याइतकं कुठल्याच नकाशात नाही.

वाऱ्याचं म्हणाल तर खानदेशातल्या केळीवाल्याला तो वेगळा शिकवायला नको. मे-जूनमध्ये दुपारी चारनंतर आभाळ काळवंडतं, धुळीची भिंत येते आणि दहा मिनिटांत उभा बाग आडवा होतो. तोच वारा उघड्या जलाशयावर कमरेएवढ्या लाटा उठवतो. २१ मे २०२४च्या संध्याकाळी उजनीच्या पाण्यात कुगाव ते कळाशी अशी निघालेली बोट अशाच वादळी वाऱ्यात सापडून उलटली आणि सहा जण गेले. रोजच्या वाटेवरची, रोजच्या माणसांची बोट होती ती. आपल्याकडे कुटुंबाच्या बोटीचा हंगाम म्हणजे खरं तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी, तोही सकाळी सात ते अकरा. पावसाळ्यात हतनूरचे दरवाजे वर उचलले की खालच्या गावांना इशारा देतात. त्या दिवसांत बोट शेडमध्येच शोभते. वर्षाचे चार-पाच महिने, तेही सकाळचे, एवढ्यासाठी किती खर्च करायचा, हे एकदा असं मांडलं की निम्मे पर्याय आपोआप गळतात.

बोटीचे प्रकार बाजारात ढीगभर, पण बुडाकडे पाहिलं की मूळ गोष्ट दोन-तीनच. सपाट बुडाची बोट वीतभर पाण्यावर तरंगते, उभं राहिलं तरी पटकन कलत नाही, चिखलात टेकली तर ढकलून काढता येते. लाट आली की मात्र ती आपटते आणि मणक्याला कळतं. उलट व्ही आकाराचं बूड लाट कापतं, वेगात छान धावतं, पण त्याला खोल पाणी हवं, जास्त ताकद हवी, आणि उभी असताना ते जरा डुलतं. मुंबई-मांडव्याच्या पट्ट्यात, भरती-ओहोटीत आणि खाऱ्या वाऱ्यात, व्हीच हवं. हतनूरच्या गाळावर ते मिरवणुकीच्या घोड्याला नांगराला जुंपण्यासारखं होईल. दोन लांब पिंपांवर सपाट मचाण ठेवलेल्या पाँटून बोटी अमेरिकेतल्या तळ्यांवर कुटुंबवाल्यांच्या लाडक्या आहेत. मिशिगनला असलेल्या आमच्या भाच्याने तीच घ्या म्हणून गळ घातली. सल्ला चुकीचा नाही. पण त्याच्या तळ्याला सिमेंटचा उतार आहे, धक्का आहे, बांधायला खुंट आहे. आपल्याकडे काळ्या मातीचा काठ आणि वर बाभळीचा काटा. वीस फुटी मचाण ओढून आणायचं म्हणजे लग्नाचा मांडव दर रविवारी घालून दर रविवारी सोडायचा.

रबरी बोट मला सुरुवातीला फार पटली. हवा भरा, घाला, आणा, डिकीत टाका. बुडत नाही, हलकी, पोरांना लागत नाही. खानदेशचं ऊन मात्र तिचा हिशेब बिघडवतं. सकाळी गारव्यात टम्म फुगवलेली नळी दुपारी उन्हात ठेवली की आतली हवा पसरते आणि जोडांवर ताण येतो. स्वस्त पीव्हीसीचे चिकटवलेले जोड अशा दोन उन्हाळ्यांत सुटू लागतात. हायपॅलॉनची टिकते, पण तिची किंमत ऐकून माणूस परत फायबरकडे वळतो. रबरीच घ्यायची तर सावलीत ठेवायची आणि दुपारी थोडी हवा सोडायची सवय हवी. ज्यांच्याकडे शेतावर शेड नाही त्यांनी हा नाद सोडावा.

फायबर की अ‍ॅल्युमिनियम? फायबर आपल्याकडे कोकण-गोव्यात सर्रास बनतं आणि फुटलं तर दुरुस्त करणारा सापडतो. कूलरच्या टाक्या सांधणारा भुसावळचा कारागीरसुद्धा वेळप्रसंगी एखादं भोक बुजवून देईल. अ‍ॅल्युमिनियम हलकं आणि दगडावर घासलं तर पोचा पडून निभावतं, पण चांगलं वेल्डिंग करणारा गाठावा लागतो आणि उन्हात पत्रा तव्यासारखा तापतो. काठावरून दोघांनी ढकलून घालायची बोट असेल तर वजन फार महत्त्वाचं, म्हणून मी अ‍ॅल्युमिनियमच्या बाजूला झुकलो. मावसभाऊ फायबरवर अडून बसला, कारण त्याच्याकडे ट्रॅक्टर आहे. त्याचंही खोटं नाही. काळ्या चिखलात गाडीच्या मागची ट्रॉली फसते, तिथे ट्रॅक्टर हाच खानदेशचा धक्का.

आता इंजिन. इथे बहुतेकांचा पैसा वाया जातो. बोट दोन प्रकारे चालते, पाण्यात रुतून किंवा पाण्यावर चढून. रुतून चालणाऱ्या बोटीला लांबीने ठरवून दिलेली वेगाची हद्द असते. पाण्यात सोळा फूट बसणाऱ्या बोटीची ती साधारण ताशी दहा किलोमीटर. त्यापुढे जायचं तर बोटीला स्वतःचीच लाट चढून वर यावं लागतं आणि त्यासाठी एकदम तिप्पट-चौपट ताकद लागते. म्हणजे मधलं काही नाही. एक तर पंधराच्या आतलं इंजिन लावून सायकलच्या वेगाने निवांत फिरा, नाही तर चाळीस-पन्नासच्या पुढे जाऊन उडवा. तीस लावून पाच माणसं बसवणारा नवशिका दोन्हीकडचं गमावतो. बोट नाळ वर करून पाण्याला फुकट ढकलत राहते आणि पेट्रोल पीत राहते. पेट्रोलचा ढोबळ हिशेब असा, की पूर्ण वेगाने चाळीस हॉर्सपॉवरचं इंजिन तासाला पंधरा लिटरच्या आसपास खातं, पंधराचं पाच-सहा लिटर. वजनातही फरक आहे. पंधराचं फोरस्ट्रोक इंजिन पन्नास किलोच्या आसपास, दोघं उचलून शेडमध्ये ठेवतात. चाळीसचं शंभरीला टेकतं आणि बोटीला कायमचं लटकून राहतं, म्हणजे चोराच्याही सोयीचं.

टूस्ट्रोक मच्छीमारांचं आवडतं. हलकं, साधं, पाना-पक्कडने उघडता येणारं. पेट्रोलमध्ये पन्नासाला एक या प्रमाणात ऑइल मिसळायचं, जे काम फवारणीच्या पंपासाठी आपण करतोच. पण ते धूर सोडतं, न जळलेलं ऑइल पाण्यात जातं, आणि ज्या पाण्यात शेजारच्या गावाचा नळ आहे तिथे कुटुंबाच्या करमणुकीसाठी ते लावणं मला पटत नाही. फोरस्ट्रोक महाग, जड, पण शांत. यामाहा, सुझुकी, मर्क्युरी, होंडा, तोहात्सू यांपैकी कुठलंही चालेल. खरा निकष एकच, सुटा भाग मिळवायला किती दिवस लागतात. आपल्याला जवळचं म्हणजे मुंबई, गोवा नाही तर सुरत. थंडाव्याच्या पंपाचं रबरी चक्र आणि पंख्याचा जादा नग इंजिनाबरोबरच घेऊन ठेवावा. गाळाच्या पाण्यात हे दोन्ही झिजतात.

आणि इथेनॉल. याकडे विकणारे काणाडोळा करतात. आता पंपावर मिळतं त्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. बाहेरून लावायच्या इंजिनांचे मोठे उत्पादक त्यांच्या पुस्तिकेत दहा टक्क्यांची मर्यादा सांगतात. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. रोज धावणाऱ्या मोटरसायकलला ते जाणवत नाही, पण बोटीच्या टाकीत पेट्रोल दोन-दोन महिने पडून राहतं. ओलावा पुरेसा झाला की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन टाकीच्या तळाशी बसतात, आणि तेल ओढणारी नळी नेमकी तळाशीच असते. भर पाण्यात इंजिन दोनदा खोकून बंद पडतं. यावर उपाय साधे आहेत. त्या दिवसापुरतंच पेट्रोल न्यायचं, परतल्यावर नळी सोडवून कार्बोरेटर कोरडा होईपर्यंत इंजिन चालवायचं, टाकी आणि इंजिनाच्या मधे पाणी वेगळं काढणारा फिल्टर बसवायचा, आणि घेण्याआधी विक्रेत्याकडून त्या मॉडेलला वीस टक्के चालतं की नाही हे लेखी घ्यायचं. तोंडी "चालतंय हो" ऐकून कुणी चाळीस-पन्नास हजारांची दुरुस्ती अंगावर घेऊ नये.

विजेच्या मोटरीबद्दल मी आधी नाक मुरडलं होतं. आता मत बदललंय. ५५ पाउंड रेट्याची मोटर बारा व्होल्टवर पूर्ण जोरात पन्नासेक अँपिअर ओढते. १०० अँपिअर-अवरची साधी बॅटरी निम्मीच वापरायची म्हटलं तर तास. निम्म्या जोरात त्याच्या दुपटीहून बरंच जास्त. सकाळच्या चार तासांच्या फेरीला, मधे थांबत थांबत, दोन बॅटऱ्या पुरतात. ई-रिक्षामुळे बॅटरीचे मेकॅनिक आता तालुक्याला मिळतात, म्हणजे गोव्याला फोन नको. पेट्रोलचा थेंब पाण्यात नाही. आणि हतनूरला थंडीत येणारे चक्रवाक, पट्टकादंब आवाजाने उडून जात नाहीत. ज्यांना पक्षीच पाहायचे आहेत त्यांनी पेट्रोल इंजिन घेऊन नेमकं काय मिळवायचं, मला कळत नाही. जोराचा वारा सुटला तर मात्र ही मोटर हरते, म्हणून काठापासून लांब जायचं नाही आणि वल्ही बरोबर हवीतच.

माणसं किती बसवायची, यावर अमेरिकेत एक सोपा नियम आहे. वीस फुटांखालच्या बोटीची लांबी आणि रुंदी फुटांत गुणायची आणि पंधराने भागायचं. चौदा फूट बाय पाच फूट म्हणजे सत्तर, भागिले पंधरा, चार माणसं आणि थोडं वर. तेही शांत पाण्यात आणि अडुसष्ट किलोचा माणूस धरून. तिकडे अशा बोटीवर तिची क्षमता लिहिलेली पाटी ठोकणं कायद्याने सक्तीचं आहे. आपल्या भरिताच्या पार्टीत मामा, मामी, आत्या, चार पोरं, पातेलं आणि सतरंजी. "एक फेरी मारून आणतो" म्हणत हे सगळं एकदम चढतं. मग बगळा दिसला की सगळे एकाच काठावर फोटोला. १८ जानेवारी २०२४ला बडोद्याच्या हरणी तलावात सहलीची बोट उलटली, बारा मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. क्षमतेपेक्षा माणसं जास्त होती आणि सगळ्यांना लाइफ जॅकेट नव्हतं. तलाव शहरातला, पाणी संथ.

विहिरीत पाठीला भोपळा बांधून पोहायला शिकलेली आपली पिढी लाइफ जॅकेटला हसते. विहिरीत पायरी चार हातांवर असते. जलाशयात काठ अर्धा किलोमीटर, अंगात स्वेटर, पायात बूट, आणि पडताना डोकं बोटीच्या कडेला लागलेलं, अशात पट्टीचा पोहणाराही जातो. जॅकेट माणसाच्या वजनाप्रमाणे घ्यायचं. पोराला घालून खांद्याच्या पट्ट्यांनी वर उचलायचं. हनुवटी जॅकेटात शिरली किंवा जॅकेट कानांपर्यंत आलं तर ते त्याचं नव्हे. लहानग्यांना पायांमधून जाणारा पट्टा हवाच. आणि चालवणाऱ्याच्या मनगटाला ती लाल दोरी, जी सुटली की इंजिन बंद पडतं. चालवणारा पाण्यात पडला आणि बोट गोल फिरून त्याच्याच अंगावर आली, असे अपघात जगभर होतात. ती दोरी बांधायला दोन सेकंद लागतात आणि नव्वद टक्के लोक ती सुकाणूला गुंडाळून ठेवतात. हा आकडा माझ्या डोळ्यांचा आहे, सर्वेक्षणाचा नाही.

जुनी बोट घेणाऱ्याने सारंगखेड्याच्या यात्रेतला घोडेवाला आठवावा. तिथे कोणी रंग बघून घोडा घेत नाही. दात बघतात, खूर उचलतात, चालवून बघतात. बोटीचंही तेच. इंजिन ज्या मागच्या पाटीवर लटकतं ती आतून बहुतेक वेळा लाकडाची असते आणि पाणी शिरलं की कुजते. इंजिनाचा खालचा भाग हाताने वर उचलून दाबावा आणि पाटी हलते का बघावं. बुडावर नाण्याने टकटक करत जावं, जिथे आवाज भद्द येईल तिथे हात थांबवावा. इंजिनाच्या तळाच्या स्क्रूतून गिअर ऑइलचे चार थेंब कागदावर घ्यावेत. चहासारखं दुधाळ निघालं तर आत पाणी शिरतंय. आणि विकणाऱ्याने तुम्ही पोचायच्या आधी इंजिन गरम करून ठेवलं असेल, तर चहा पिऊन ते गार होईपर्यंत बसावं आणि मग सुरू करायला सांगावं. आम्ही अशीच एक बोट पाहायला गेलो होतो. दीड तास बसलो. बोट सुरू झाली नाही, चहा मात्र तीनदा झाला.

कागदपत्रांचं थोडक्यात. १९१७चा जुना कायदा जाऊन अंतर्गत जलवाहतुकीसाठी २०२१चा नवा कायदा आलाय. यंत्रावर चालणाऱ्या नौकेची नोंदणी, तपासणी आणि विमा हे त्यात आहे, आणि एका राज्यातलं नोंदणीपत्र देशभर चालतं. राज्यात नोंदणीचा रस्ता महाराष्ट्र सागरी मंडळाकडे जातो. पाणी मात्र जलसंपदा खात्याचं, म्हणजे आपल्याकडे जळगावच्या तापी पाटबंधारे विकास महामंडळाचं. आपली बोट घरच्या सहलीची आहे म्हणून यातून सुटका होईल असं धरून चालू नये. बोट घेण्याआधी दोन्हीकडे अर्ज टाकावा आणि उत्तर हातात आल्यावरच पैसे मोजावेत. ट्रॉलीसाठी आरटीओ वेगळं.

चालवायला शिकणं हा भाग लोक सर्वांत शेवटी ठेवतात. गोव्यात राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे, तिथे पॉवरबोट चालवण्याचे अभ्यासक्रम होतात. आठवडाभराची गोव्याची सहल आणि वर परवाना, यापेक्षा चांगला सौदा मला दिसला नाही. तोवर कोयनेच्या शिवसागरावर बामणोली-तापोळ्याला जावं, स्थानिकांच्या बोट क्लबातून बोट घ्यावी आणि बोटवाल्याला म्हणावं की काठाला लावायची आम्हाला शिकव. कारण पळवता कुणालाही येते. बोटीला ब्रेक नसतो. वळताना तोंड आत जातं आणि शेपटी बाहेर झुकते. काठाला येताना वारा पाठीमागून असेल तर नवशिका धडकतोच. ज्याला ट्रॅक्टरची भरलेली ट्रॉली मागे घेता येते तो हे लवकर शिकतो, असं माझं निरीक्षण. मावसभावाने तापोळ्यात दुसऱ्याच खेपेला बोट अशी अलगद टेकवली की बोटवाला म्हणाला, "कुठले तुम्ही, मालवणचे?"

सगळा हिशेब करून आमच्या घरातला कल असा झाला: चौदा फुटी, सपाट बुडाची, चार माणसांची, आधी विजेच्या मोटरीची, पुढे वाटलं तर पंधराचं फोरस्ट्रोक. मोठी व्ही बोट हवी असणाऱ्याने मांडव्याला किंवा गोव्याला भाड्याने घ्यावी. हे सगळ्यांना लागू नाही. गिरणेच्या भरलेल्या वर्षी, मोकळ्या पाण्यावर, तीन भाऊ मिळून घेणाऱ्यांनी मोठ्या बोटीचा विचार केला तर मी अडवणार नाही. हतनूरच्या काठी एकट्या कुटुंबाने ११५ची बोट घेतली तर मात्र मी येऊन हसेन.

मावसभावाने अजून बोट घेतलेली नाही. महामंडळाकडे अर्ज टाकून तो उत्तराची वाट बघतोय. मधल्या काळात त्याने एक सुताची दोरी घेतली, हात-हातावर गाठी मारल्या आणि टोकाला नांगराचा मोडका फाळ बांधला. संस्थेच्या एका मच्छीमाराच्या डोंग्यात बसून दर पंधरा दिवसांनी तो शेताच्या समोरच्या पाण्याची खोली मोजतो आणि केळीच्या कापणीच्या वहीत मागच्या पानावर लिहितो. पहिल्या पानी सात हात होतं. मार्चच्या शेवटी पावणेदोन हात, खाली गाळ. चार लाइफ जॅकेटं मात्र त्याने आणून ठेवली आहेत, फवारणीच्या पंपाशेजारी खुंटीला टांगलेली. त्यातलं सर्वांत लहान नातीचं. ते तिला दर दोन-तीन महिन्यांनी घालून उचलून बघावं लागतं. पोर वाढतेय.